हेलियमच्या दरबारी सुभद्राबाईंची जोडवी

"माझी जोडवी काय त्या मशीनीक चिकटतली? घरी फ्रीजाच्या चुंबकाक लावून बघलंय मी!" ऐसी कुरकुर परळ मुक्कामी, इस्पितळाच्या तळघरी, एमआरआयच्या दारापुढील बाकड्यावर उठली, आणि तेथोन मोहिमेस प्रारंभ जाहला. तिची साद्यंत हकीकत, जैसी घडली तैसी, येथे लिहिली असे.

सकलसौभाग्यसंपन्न सुभद्राबाई, वस्ती घोडपदेव, यांचे मस्तक कैक दिवस ठणकत होते. डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की आतील चित्र काढावे. म्हणोन पती राजश्री लवूभाऊ आणि सून सौभाग्यवती रुपालीबाई ऐसी फौज टॅक्सीत बसोन दाखल जाहली.

आत हेलियम बहाद्दरांचा अंमल. हे तेच, जे फुग्यात भरले तर पोराच्या हातून निसटोन आभाळ गाठतात. हौसेने फुग्यातून ओढिले तर आवाज बदकाचा करितात, आणि थेट नळकांड्यातून ओढिले तर जीवच घेतात. येथे मात्र पातळ होवोन, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश ऐशा गारठ्यात चुंबकास बुडवोन बैसलेले, सबब चुंबक अहोरात्र जागा, बटण दाबोन निजविता येत नाही. खवळले तर वाफ होवोन खोलीतील हवाच हुसकतील, याकरिता त्यांस बाहेर जावयास नळाची वाट राखिली होती. ऐशा दरबारी लोखंड नेणे म्हणजे प्राणावर बेतणे, आणि चांदी चिकटली नाही तरी तापण्याचे भय. म्हणोन तंत्रज्ञ प्रितीबाईंचा हुकूम सुटला की अंगावर धातू नको.

मंगळसूत्र रुपालीबाईंच्या पर्समध्ये गेले, मग बांगड्या गेल्या, मग केसांतील आकडे गेले. जोडव्यांचा कोट मात्र ठाम. मग रुपालीबाईंनी साबणाचा हल्ला चढविला, आणि खोबरेल चोळिले, आणि दोरा गुंडाळोन ओढिले, परंतु यश येईना.

"पाय सुजलेत हो आईंचे," ऐसे त्या सासऱ्यांस बोलिल्या.

"हवाच दमट आसा," ऐसा लवूभाऊंनी दुजोरा दिला, आणि भिंतीकडे पाहात राहिले.

वास्तविक रुपालीबाईंस दिसत होते की ओढ बसताच सासूबाई पायाची बोटे आत वळवोन घेतात. किल्लेदारच आतोन अडसर लावी, तेथे खोबरेल बापुडे काय करणार? परंतु सुनेने हे बोलावे कैसे? मग त्यांनी पुन्हा साबणच लाविला.

"आजी, मागे लाइन आहे हां," प्रितीबाई दारातून वदल्या.

तेव्हां लवूभाऊ, चारचौघांत बायकोचे नाव घ्यावयासही लाजणारे, भुईवर बैसले, आणि तिचे पाऊल मांडीवर घेतले.

"सुभद्रे, डोक्यात काय निघतला, ह्येचा भय वाटता मा तुका? माका पण वाटता गे."

बोटे सरळ जाहली. जोडवी अलगद निघोन लवूभाऊंच्या मुठीत आली. येणेप्रमाणे कोट फत्ते जाहला, एक साबणवडी तेवढी रणी कामी आली, आणि सुभद्राबाई अनवाणी, कोणाचा हात न धरिता, आत गेल्या.