कपाळावर पांढरा ठिपका

खोटं बोलायला अक्कल लागते, आणि आमच्या गावात ती माझ्या एकट्याकडे आहे असं माझं प्रामाणिक मत होतं! बाकीचे लोक खोटं बोलतात ते बैल चिखलात बसल्यासारखं. बसतात झोकात, मग उठता येत नाही. मी गुराढोरांचा विमा काढणारा एजंट. वर्षभरात माझा एकही फॉर्म कंपनीतून परत आला नव्हता. कारण साधं आहे. फॉर्ममध्ये मी खरं फार कमी लिहायचो.

अडचण एवढीच होती की महिनाअखेरपर्यंत आणखी एक पॉलिसी झाली नाही, तर कंपनी माझी एजन्सीच काढून घेणार होती. म्हणून मी शेजारच्या पुंजाजीकाकांना मोताळ्याच्या बाजारात गाठलं आणि त्यांच्या एकुलत्या एका म्हशीचा फॉर्म गाडीच्या सीटवर ठेवून भरला. म्हैस बघायला जायची गरज मला वाटली नाही. म्हैस म्हशीसारखीच दिसते.

"वय किती, काका?"

"असंन बारा-पंधरा."

आमची कंपनी आठ वर्षांपुढची म्हैस घेत नाही. मी 'सहा' लिहिलं. पुढे रकाना होता, ओळखीची खूण. तिथे सवयीनं 'कपाळावर पांढरा ठिपका' लिहून टाकलं. माझे कागद खरे मानले, तर अख्ख्या तालुक्यात बिनठिपक्याची म्हैस औषधालाही सापडायची नाही.

आणि नेमकी याच वेळी कंपनीला अक्कल सुचली! फोन आला, "उद्या डॉक्टर मॅडम म्हैस तपासायला येतील."

संध्याकाळी मी काकांना फॉर्म वाचून दाखवला. वय ऐकून त्यांनी मान डोलावली. ठिपका ऐकला आणि खाटेवरून उडालेच.

"काहाचा ठिपका बे? माही म्हैस तव्यासारखी काळी आहे! लबाडी केली म्हणून मले धरून नेतीन ना!"

"काका, ठिपक्याचं काय घेऊन बसले? वय सांभाळा. सहा म्हणायचं. सहा!"

"सहा तं सहा. पण ठिपका कुठून आणू?"

विमलकाकू चुलीपुढून म्हणाल्या, "पोळ्याचा रंग उरला आहे ना घरात! काऊन एवढे घाबरून राह्यले?"

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला ऑइलपेंट. पांढरा संपला होता. चंदेरी होता. सकाळी मी पोचलो तेव्हा म्हशीच्या कपाळावर भाकरीएवढा चंदेरी गोळा चमकत होता, आणि डब्यातला रंग वाया जाऊ नये म्हणून काकूंनी दोन्ही शिंगंही रंगवली होती. म्हैस वरातीतल्या बँडवाल्यासारखी दिसत होती. आता ही तोंड उघडून गाणं सुरू करते की काय, असं वाटलं!

डॉक्टर पुष्पांजली मॅडम आल्या. म्हशीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. आमच्यापैकी लाज फक्त म्हशीला वाटत होती. मॅडमनी ठिपक्याला बोट लावलं. बोट चंदेरी झालं.

काकांनी तिथेच हात जोडले. "चुकलं मॅडम! ठिपका खोटा आहे!"

मॅडमना हसू आवरेना. "अहो काका, राहू द्या. कानात बिल्ला मारणारच आहे मी, ओळख त्याची. ठिपका असो नसो, त्यावरून आम्ही विमा नाकारत नाही. खूण खोडून नीट लिहू."

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि रिकाम्या जागी लगेच अभिमान येऊन बसला.

"ठिपक्याकडे पाहूच नका, मॅडम! जनावर पाहा! आठवा वेत आहे हिचा! एक वेत खाली गेला नाही!"

मॅडमचं पेन थांबलं. "इथं वय सहा लिहिलंय."

"हाव! सहा!" काका शाळेतल्या पोरासारखे ओरडले.

"पहिल्यांदा व्याली तेव्हा किती वर्षांची होती?"

"चार वर्साची."

"म्हणजे पुढच्या दोन वर्षांत सात वेळा व्याली?"

मी पुढे झालो. "मॅडम, जुळी असतील."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपोआप मागे झालो.

मग काकू मदतीला धावल्या. "दोन वर्सात कसे होतीन हो मॅडम! आमची काजल पहिलीत होती तवा पहिला वेत. आता बारावीत आहे ते."

घरातून काजल ओरडली, "आई, बारावी होऊन वर्ष झालं ना वं!"

म्हैस दर वाक्याला म्हातारी होत चालली होती. आणखी कोणी बोललं असतं तर ती जागेवरच गेली असती!

मॅडमनी फॉर्मची घडी घातली. "हे बघा, ठिपका खोटा होता, आमचं काही बिघडत नव्हतं. पण वय खरं लिहिलं असतं तर मी इथवर आलेच नसते. ज्या खोट्यानं आमचा निर्णय फिरतो, ते खोटं चालत नाही. फॉर्म कोणी भरला?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. काकूंनीही केलं. म्हशीनंही मान वळवून माझ्याकडेच पाहिलं.

चौथ्या दिवशी एजन्सी गेली. बाबांनी विचारलं, "काऊन गेली बे?"

मी म्हटलं, "कंपनीच बंद पडली."

आता, एवढ्याशा खोट्यानं कोणाचा निर्णय फिरणार होता? पण बाबांनी ते पारावर सांगितलं. संध्याकाळी गावात माझ्याकडून विमा काढलेले सगळे आपापली म्हैस घेऊन आमच्या अंगणात! पुढे नारायणराव.

"शेखर! कंपनी बुडाली, आता म्हशीले काही झालं तं जबाबदार कोण?"

मी दार लावून घेतलं आणि आतून आवाज बदलून सांगितलं, "शेखर घरी नाही!"

बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली.

"बरं," नारायणराव म्हणाले, "आला की सांगजा त्याले. म्हशी इथंच बांधून जाऊन राह्यलो."