मोहित्यांना ‘फायनल’ चालत नाही

फाइलीच्या नावात ‘फायनल’ हा शब्द दिसला, की आमच्या देवासच्या ऑफिसात सुधाकर मोहिते खुर्ची मागे सारून उभे राहतात. “फायनल काय, भिया? माणूस जातो तेव्हा फायनल. तोवर सगळं चालूच आहे!” मग फाइल माझ्याकडे परत. मी नाव बदलतो. ती पुन्हा परत, कारण तारखेत वर्षाआधी दिवस आला. मी पुन्हा बदलतो. नोकरी आहे.

मंडीतल्या वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. त्याचं नवं अपडेट निघालं, की फाइलीला मोहित्यांच्या नियमानेच नाव द्यायचं. आधी काट्याचं मॉडेल, मग गाव, मग आवृत्तीचा नंबर, शेवटी तारीख. शब्दांमध्ये जागा नाही, खाली आडवी रेघ. “जागा सोडायची ती बसमध्ये, बायकांसाठी.” मीही त्यांच्या फोनमध्ये ‘देवास_जोशी_०२’ आहे. ०१ कोण, हे विचारायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

ऐन सोयाबीनच्या दिवसांत कुणीतरी घाईत टोंकखुर्दला ‘नया वाला’ नावाने अपडेट पाठवलं. तिथल्या कॉम्प्युटरवर आधीचे दोन ‘नया वाला’ पडलेलेच होते. काटेवाल्याने नेमका जुना चढवला आणि काटा बंद. आम्ही मोटारसायकलवर पोचलो, तर ट्रॉल्यांची रांग पार सडकेपर्यंत.

“नया मतलब कौन-सा? हर नया कल पुराना होता है, भिया,” मोहित्यांनी सुरुवात केली.

“साब, ग्यान बाद में, पेले तौल,” एक ट्रॉलीवाला म्हणाला.

काटा सुरू झाला. त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं. त्यांचंच खरं निघालं होतं, आणि त्याचाच जास्त थकवा आला.

गेल्या महिन्यात धारला एक काटा बसवायला आम्ही दोघे गेलो. काम उरकल्यावर मोहिते म्हणाले, “घरी चहा घेऊ. आईसाहेब आहेत.” दर शनिवारी ते धारला जातात, एवढंच मला ठाऊक होतं.

म्हातारी दारापाशी खुर्चीत बसली होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा खुलला. “विनायक, आलास का रे बाबा?”

“आलो, आईसाहेब,” मोहिते म्हणाले.

चहा त्यांनी स्वतःच टाकला. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाले, “विनायक म्हणजे आमचे थोरले बंधू. जाऊन बरीच वर्षं झाली. एकदा मी सांगून पाहिलं, की दादा गेले, मी सुधाकर आहे. दिवसभर रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मला विनायक म्हणाल्या. मग नाही सांगितलं.”

त्यांनी बशीत चहा ओतला आणि आईच्या पायाशी बसले.

“सुधाकर हल्ली येतच नाही रे,” ती म्हणाली. “रागावलाय का माझ्यावर?”

“नाही हो, आईसाहेब. फार आठवण काढतो तुमची. कामात असतो.”

“त्याला म्हणावं, एकदा येऊन जा.”

“सांगतो,” मोहिते म्हणाले, आणि फुंकर घालून बशी त्यांनी तिच्या ओठांशी नेली.