खिडकीच्या जागेबाबत

देवबागच्या निवृत्त शिक्षिका फ्लाव्हिया टीचर यांनी मुंबईला लेकीकडे गावाजवळच्या विमानतळावरून विमानाने जायचं ठरवलं आणि गंभीर प्रश्न उभा राहिला: बसायचं कुठल्या खिडकीशी? तीस वर्षं त्यांनी फळ्यावर देवबागचा नकाशा काढला होता. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मधे वाळूची पट्टी. वरून मात्र त्यांनी गाव कधीच पाहिलं नव्हतं. नकाशाच चुकला असेल तर पोरांच्या दोन पिढ्या चुकीच्या गावात वाढल्या, अशी त्यांना धास्ती होती.

शेजारचे भाई तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "टीचर, तुमी गप ऱ्हवा. ह्यां काम रीतसर होऊक व्हयां."

रीतसर म्हणजे समिती. पहिल्या बैठकीत डावा गट आणि उजवा गट पडला. दुसरीत दोघांनी मिळून मधल्या सीटचा निषेध केला. तिसरीनंतर भाईंनी विमान कंपनीला लिहिलं, 'विमान उडाल्यावर कोणत्या बाजूस वळेल, हे लेखी कळवावे.' उत्तर आलं, 'ते वाऱ्यावर अवलंबून आहे.' भाईंचं उलटटपाली पत्र गेलं, 'वाऱ्याचा पत्ता कळवावा.'

शेवटी बाजूला जाळं शिवत बसलेला मंगेश वैतागला. "दुपारी वारो दर्यावरसून येता. इमान तेच्या तोंडार उडतला नि मुंबैक जावक उजवीकडे वळतला. उजवी खिडकी घेवा नि माका जाळां शिवूक देवा!"

समितीने हा आपलाच निर्णय म्हणून एकमताने मंजूर केला. जागा मिळाली १४ एफ.

टीचर विमानात चढल्या. १४ एफशेजारी खिडकी नव्हती. गुळगुळीत पांढरी भिंत होती.

"मॅडम, ही खिडकीचीच जागा आहे," हवाईसेविका आकांक्षा हसून म्हणाली.

"मग खिडकी कुठाय?"

"खिडकी हा जागेचा प्रकार आहे, मॅडम. वस्तू नव्हे."

"कळलं. आमच्या शाळेचं छप्परही असंच होतं."

विमान सुटलं. चाकं उचलली तशी पुढच्या सीटवरच्या कौस्तुभ नावाच्या पोराने खिडकीचं झापड खाली ओढलं आणि मोबाइल काढला.

"बाळा, झापड उघड ना."

"स्क्रीनवर ऊन येतं, काकू."

"एवढं काय बघतोस?"

"देवबाग. ड्रोनने काढलंय. भारी आहे!"

विमान वळू लागलं होतं. टीचरांनी वर्गातला आवाज काढला. "उघड!"

कौस्तुभचं झापड वर गेलं. त्यासोबत उजव्या बाजूची सगळीच गेली. सहाव्या रांगेतल्या एका साहेबांनी तर हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं.

दोन सीटांच्या फटीतून टीचरांना गाव दिसलं. पट्टी फळ्यावरच्यापेक्षा निम्मीच रुंद होती, आणि वाकडी. निळ्या पाण्यात कुणी सहज बोट ओढल्यासारखी.

"चुकलां रे माझां!" त्या टाळ्या वाजवत ओरडल्या. "सगळां चुकलां! कितक्या बरां दिसता!" आणि रडत रडत हसत सुटल्या.

मुंबईला उतरताच प्रत्येकाच्या मोबाइलवर कंपनीने विचारलं, 'आजचं दृश्य कसं वाटलं?' सगळ्यांनी पाचपैकी पाच तारे दिले. झोपलेल्यांनी दिले, शौचालयात असलेल्यांनीही दिले. एकट्या टीचरांनी लिहिलं, 'नीट पाहायचं राहिलं. पुन्हा येईन.'

या गोष्टीखालीही तसाच ताऱ्यांचा रकाना असता, तर मधले दोन परिच्छेद वाचायचे गाळून तुम्हीही पाच देऊन मोकळे झाला असता. गाळलेत ना?