रंगवून ठेवलेला विक्रम

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी पेंटर हॉलमध्ये शिडीवर चढला आणि रॉकेलच्या बोळ्याने त्याने मॅडमचं नाव भिंतीवरच्या बोर्डावरून पुसून टाकलं. शिडी धरून खाली उभ्या होत्या त्या मॅडमच.

मॅडम म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या कोच. आपल्या काळात त्यांनी याच हॉलमध्ये रेषेबाहेरून, म्हणजे लांबून, इतक्या बास्केट घातल्या होत्या की आजवरच्या पहिल्या पाच जणींत त्यांचं नाव होतं. पाचव्या ओळीत. लांबून घातलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, म्हणून पोरी तिला सरळ 'थ्री' म्हणतात. बोर्डावर ओळी पाचच. सहावी घालायची तर खाली स्विचबोर्ड. एक आत आली की एक बाहेर.

आत येणार होती गोटी. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. बुटकी, गोल आणि कुठूनही घरंगळत येणारी म्हणून पहिल्याच वर्षी टीमने तिला ते चिकटवलं. रिंगखाली गेली की उंच पोरी तिचा चुराडा करत, म्हणून ती बिचारी लांबून बॉल टाकायला शिकली. लाज वाटून शिकलेली गोष्ट माणूस फार मन लावून शिकतो. तीन वर्षं टाकत राहिली आणि आता मॅडमना मागे टाकायला तिला तीनच थ्री हव्या होत्या. हातात उरली होती एक मॅच, फायनल. त्यानंतर कॉलेज संपलं, बॉल संपला, आणि गोटी कोण होती हे सांगायला एक भिंत तेवढी राहणार.

आता प्रश्न असा की न झालेला विक्रम आदल्या दिवशी का रंगवायचा? तर अध्यक्षांमुळे. संस्थेच्या अध्यक्षांना मॅच संपल्या संपल्या पडदा ओढून बोर्डाचं अनावरण करायचं होतं. त्यानंतर त्यांना वेळ नव्हता. आणि ऑइलपेंट अध्यक्षांच्या वेळापत्रकाप्रमाणे वाळत नाही, त्याला पुरता एक दिवस लागतो. पेंटरने हे मॅडमना समजावलं, मॅडमनी ऑफिसला समजावलं, ऑफिसने सांगितलं की मग आधीच रंगवा. साहेबाला 'नंतर' म्हणायची हिंमत इमारतभर कोणात नव्हती, पण उद्याचा आकडा आज लिहायची होती.

गोटी दर मॅचला चारेक थ्री घालायची. मॅडमनी चार धरल्या, बेरीज केली आणि पेंटरला सांगितलं, ११७ लिही. संध्याकाळी सरावाला आलेल्या गोटीला बोर्डावर पडदा दिसला. विचारल्यावर मॅडमनी खरं ते सांगून टाकलं.

"पण मॅडम, मी अजून घातल्या नाहीयेत त्या."

"घालशील."

"आणि कमी पडल्या तर?"

"तर माझं नाव फुकट गेलं आणि तुझं खोटं लागलं. म्हणून पडू देऊ नकोस."

"आणि जास्त झाल्या तर?"

हा विचार मॅडमच्या डोक्यात आलाच नव्हता. मग त्यांनी विचारलं, "चारच्या वर कधी गेलीयस?" गोटीने नकाराची मान हलवली. "मग झालं तर," मॅडम म्हणाल्या, पण घरी जाताना त्या दोनदा मागे वळून पडद्याकडे बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोटीची आई लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली. इस्त्रीवर उभं राहून तिचे पाय कायमचे सुजलेले, तरी पहिल्या रांगेत येऊन बसली. लेकीचं हे उंच टोपलीत फेकाफेकीचं प्रकरण तिला कधी कळलं नव्हतं. पण भिंतीवर नाव लागणार हे बरोबर कळलं होतं. नाव कुठे आहे म्हणून तिने विचारलं. गोटीने पडदा दाखवला. "लिहूनसुद्धा झालंय?" आई म्हणाली. "मग मॅच कशाला खेळताय?"

याच प्रश्नाने गोटीचे हात लाकडाचे झाले होते. पहिल्या अर्ध्या खेळात तिने टाकलेला एकेक बॉल रिंगला टक्कर मारून परत आला. एक तर रिंगलाही लागला नाही, थेट प्रेक्षकांतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसला. मॅडम बाकावर बसून स्वतःच्या पुसलेल्या नावाचा शोक करत होत्या.

मध्यंतरात पाणी पिताना गोटीला राग आला. पडद्याचा, पेंटरचा, अध्यक्षांचा, झाडून सगळ्यांचा. रागाने हात मोकळा झाला. नंतरच्या खेळात पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. चौथी गेली, ११७ भरल्या आणि मॅडमच्या टाळ्या हवेतच थांबल्या. खेळ अजून बराच उरला होता आणि पोरगी पेटली होती.

मॅडमनी तिला बाहेर काढलं. अख्खा हॉल ओरडला. चालत्या गाडीचं चाक काढावं तशी टीम एका बाजूला कलली, समोरच्यांनी बघता बघता बरोबरी केली आणि पुढे गेल्या. शेवटी खुद्द अध्यक्षांनी खुर्चीतून हात करून विचारलं की ती बुटकी का बसवलीय. मॅडमना तिला आत पाठवावंच लागलं. जाताना त्यांनी कानात सांगितलं, रेषेबाहेरून टाकायचं नाही.

म्हणजे गोटी पुन्हा रिंगखाली, पुन्हा चुराडा. बाहेर मोकळी उभी असताना तिच्या हातात बॉल यायचा आणि ती तो गरम भांडं असल्यासारखा दुसरीकडे द्यायची. कॅप्टनला काही कळेना. तिने पळता पळता विचारलं, "हात मोडलाय का गं तुझा?" गोटी म्हणाली, "नाही, भरलाय." कॅप्टनने तिला जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण रास्त होती.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा टीम एका गुणाने मागे होती. मॅडमनी खेळ थांबवून घेतला. सगळ्यांदेखत त्यांनी सांगितलं की बॉल गोटीला द्यायचा. मग गोटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घाल. पण रेषेच्या आत ये आणि मग घाल. दोन गुणांनीही आपण जिंकतो."

बेत चांगला होता. पण रेषेच्या आत समोरच्यांच्या तीन उंच पोरी खांबांसारख्या उभ्या होत्या. गोटी आत शिरायला गेली, एकीच्या कोपरावर आपटली, मागे सरकली, आणि मग तीन वर्षांच्या सवयीने जे करायचं ते हातांनीच करून टाकलं. बॉल जाळीतून असा उतरला की जाळीला पत्ता लागला नाही.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पंचांनी तीन बोटं वर केली. गोटीने ती बोटं बघितली आणि पळत जाऊन पंचांपुढे उभी राहिली.

"सर, तीन नाही. दोन. माझा पाय रेषेवर होता."

पंचांनी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा चप्पलही खाल्ली होती. पण माझा गुण कमी करा म्हणून हात जोडणारं कोणी त्यांना भेटलं नव्हतं. पाय बाहेर होता, मी बघितलाय, असं त्यांनी सांगितलं.

"पाय माझा आहे सर. मला माहीत नसणार?"

तेवढ्यात मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, ही पोरगी कधी खोटं बोलत नाही. त्यांच्यामागून समोरच्या टीमचे कोच आले. त्यांना कारण कळलं नव्हतं, फायदा कळला होता. दोन्हीकडचे कोच एकमताने आपल्याविरुद्ध उभे बघून पंचांचं डोकं सटकलं. आपल्या डोळ्यांवर शंका घेता? त्यांनी शिट्टी फुंकली आणि हुज्जत घातल्याबद्दल गोटीवर फाउल ठोकला. समोरच्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचा एका गुणाचा बॉल.

कॅप्टन मैदानात खालीच बसली. दोन गुणांची आघाडी फ्री थ्रोने एकावर आली. उरलेल्या सेकंदभरात समोरच्यांनी लांबून बॉल भिरकावला, तो पंख्याच्या दिशेने गेला आणि मॅच संपली. गोटीची टीम एका गुणाने जिंकली. जो गुण गोटी परत करायला निघाली होती, नेमका त्याच गुणाने.

अध्यक्षांनी एका हाताने कप छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने पडदा ओढला. बोर्डाचा वरचा अर्धा भाग त्यांनीच व्यापला होता. वीतभर अक्षरांत नाव, खाली पदव्या, खाली वडिलांचं नाव. मग उरलेल्या जागेत बोटभर अक्षरांच्या पाच ओळी. शेवटची त्यांनी माइकवरून मोठ्याने वाचली, गोटीचं नाव आणि ११७.

"११८," गुणलेखकाच्या टेबलावरून आवाज आला. गुणलेखकांना खोटं चालत नसे. शिवाय त्यांनी हेही सांगितलं की चौथ्या ओळीतल्या मुलीच्या ११७ आहेत, तेव्हा ही आता चौथी, पाचवी नव्हे.

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवून मॅडमना बोलावलं. आपण अनावरण केलेला बोर्ड चुकलेला असणं त्यांच्या बुद्धीत बसत नव्हतं. ते म्हणाले, ही मुलगीच सांगत होती ना पाय रेषेवर होता म्हणून? मग तसं लिहून द्या, पंचांचं मी बघतो.

सगळ्यांनी गोटीकडे बघितलं. हो म्हटलं की बोर्ड बरोबर, मॅडमची नोकरी सुखरूप, आणि भिंतीवर नाव आहे ते आहेच. काल तेवढ्यासाठी ती काहीही करायला तयार होती. तिने चौथ्या ओळीकडे बघितलं.

"नाही सर. पाय बाहेर होता."

"गोटे," मॅडम हळूच म्हणाल्या, "नक्की?"

"वीतभर बाहेर. मघाशी मी खोटं बोलले."

मॅडमनी एक मोठा श्वास घेतला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अध्यक्षांना न अडखळता सांगितलं की दोन गुण धरले तर मॅच बरोबरीत येते, जास्तीचा वेळ खेळावा लागतो, आपल्या दोन उंच मुली फाउल भरून बाहेर बसल्यात, आणि तो कप तूर्त खाली ठेवावा लागेल.

अध्यक्षांनी कप आणखी घट्ट धरला. "पाय बाहेरच होता," ते म्हणाले. "मी इथून स्वतः बघितला." त्या क्षणी ते फोनवर बोलत होते हे अख्ख्या पहिल्या रांगेने बघितलं होतं. पेंटर येऊन दुरुस्त करेपर्यंत पडदा परत लावा असा त्यांनी हुकूम सोडला आणि माइक घेऊन भाषणाला उभे राहिले.

गोटीची आई एवढ्यासाठी अर्धा दिवस बुडवून आली नव्हती. ती सरळ पडद्याचं टोक उचलून आत शिरली. थोड्या वेळाने आतून हात बाहेर आला आणि त्याने गोटीला ओढून घेतलं. आत रंगाचा वास कोंडला होता. आई मान वर करून ओळीवरून डोळे फिरवत होती, बोट लावायची तिला भीती वाटत होती.

"चुकीचं आहे गं ते," गोटी म्हणाली. "मी हिच्या वर पाहिजे."

"लावतील वर. आणि या जागेवर आधी कोण होतं?"

"मॅडम."

आईने पडद्यातून डोकं बाहेर काढलं. बाजूला एकट्या उभ्या असलेल्या मॅडमना ती म्हणाली, "बाई, तुम्ही पण या आत." मॅडम कोच होत्या, प्रतिष्ठित होत्या, तरी गेल्या.

बाहेर अध्यक्ष रंगात आले होते. या बोर्डाकडे बघा, ते म्हणाले, आणि इथे नाव यायला किती कष्ट पडतात ते ओळखा. लोकांनी बघितलं. पडदा होता आणि त्याखाली सहा पाय. भाषणाला टाळी मिळावी म्हणून अध्यक्ष क्षणभर थांबले आणि त्या शांततेत आतून आईचा आवाज आला. इस्त्रीच्या वाफेवर बोलून बोलून तो आवाज मोठाच झाला होता.

"आणि हे सगळ्यात वर, एवढ्या मोठ्या अक्षरांत? यांनी किती घातल्या?"

अध्यक्षांचा माइक चालू होता. सांगायला आकडा नव्हता.