किलोला किलो बर्फ

घरचं बर्फाचं यंत्र घ्यायचं ठरलं, त्या दिवसापासून आई घरातल्या भिंतींशीही जपून बोलू लागल्या. धक्क्यावरचा बर्फवाला माजला होता. त्याच्या दारात ताटकळत गेल्या मोसमात किती मासळी नासली! यंदाचा मोसम महिन्यावर आलेला. यंत्राचा सुगावा लागला, तर तो मिळतो तो बर्फही बंद करणार.

"खरा आकडा कुणाला सांगायचा नाही," आईंनी बजावलं. "विचारलं की निम्मा सांगायचा. खऱ्या आकड्याला पाय फुटतात."

आकडा होता रोज हजार किलो मासळी. गुडघे गेल्यापासून आई आतल्या खोलीतून कारभार हाकत, आणि थोरला मुलगा संध्याकाळी धक्क्यावरून येऊन आकडा सांगे.

यंत्रवाला आला. "किलोला किलो बर्फ लागतो. मासळी किती येते?"

"पाचशे," थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला त्याचा फोन आला, तो सुनेने उचलला. आवाज फार गोड. तिला वाटलं, हा नक्की बर्फवाल्याचा माणूस.

"पाचशे कुठले हो? अडीचशे आले तरी डोक्यावरून पाणी!"

मग तो जागा मोजायला आला. आईंनी आधी त्याची टेप स्वतःच्या वितीने मोजून घेतली.

"अडीचशेच ना, आजी?"

"कोण म्हणतं? सव्वाशे धर. तेही नशीब जोरावर असलं तर."

मोसमाच्या पहिल्या दिवशी टेम्पोतून यंत्र उतरलं. कपाटाएवढं. उरलेलं कुठे आहे, म्हणून थोरला टेम्पोत डोकावून आला.

"हे यंत्र आहे, की सुनेच्या माहेरची ट्रंक?" आई लंगडत बाहेर आल्या.

"सव्वाशे किलोचं आहे, आजी. तुम्हीच सांगितलंत."

दारात मासळीचे क्रेट येऊन पडत होते. आईंना घाम फुटला. जन्मात पहिल्यांदा त्या भर रस्त्यात खरं बोलल्या, "अरे, हजार किलो येते! मोठं आण!"

यंत्रवाल्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पाचशे, अडीचशे, सव्वाशे, आता हजार! आता मी फक्त काट्याचं ऐकणार. तोला मासळी."

"माझ्या दारात उभा राहून माझ्यावर संशय?" आई कडाडल्या. "तोल! डोळे फाडून बघ!"

काटा हजारावर थांबला नाही. दीड हजारावरही नाही. शेवटचा क्रेट चढला तेव्हा आकडा झाला दोन हजार चाळीस.

आईंनी काट्याला एक थाप मारून पाहिली. आकडा हलला नाही. मग त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. तो एकाएकी एका माशाचे खवले निरखू लागला.

"मला रोज हजार सांगायचास ना रे?"

"तूच शिकवलंस, आई," थोरला पुटपुटला. "बाहेरच्याला खरा आकडा सांगायचा नाही."

"मी बाहेरची?"

यंत्रवाला हळूच म्हणाला, "मोठं यंत्र यायला आठ दिवस लागतील."

"तोवर हा जाईल बर्फवाल्याच्या दारात," आई थोरल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "सगळा आकडा सांगून, हात जोडून बर्फ मागेल. आणि सूनबाई, माझी खुर्ची आण इथे, काट्याशेजारी. बाहेरचीच ना मी? मग आता बाहेरच बसते."