रिकाम्या खोलीतली सोयरीक

दोन हजार सहा सालचा मे महिना. माझा भाचा शिवम तिवस्याला स्वतःची संत्र्याची बाग करायचा. पण त्या वर्षांत 'शेतकरी पोरगा' म्हटलं की मुलीकडचे लोक चहा अर्धा टाकून उठत. त्याची आई, माझी ताई, रडकुंडीला आलेली. मी ठणकावलं, "ही सोयरीक मी जुळवते! अकोल्याला या."

माझा भरवसा होता जावई खुशालरावांच्या बियाण्याच्या दुकानावरच्या नव्या हॉलवर. तिथे एसी होता आणि छताला वाटीएवढं एक यंत्र. माणूस आत आला की दिवे, एसी आपोआप चालू. खोली रिकामी झाली की बंद!

उत्तमराव लेकीला, आकांक्षाला, घेऊन आले. पाऊल टाकताच लखलखाट अन् गारवा!

"आमच्या इथं लाईट जातच नाही," मी म्हटलं आणि शिवमच्या कानात कुजबुजले, "नंदीसारखा बस. हालू नोको."

तो बसला. मुलगी मान खाली घालून बसली. उत्तमराव मिशीवर बोट ठेवून बसले. पाहण्याचा कार्यक्रम तो, हलणार कोण? जरा वेळानं खट्! सगळं बंद. पडदे ओढलेले, त्यामुळे मिट्ट काळोख.

"हे काय जी?" उत्तमराव दचकून उठले, तर दिवे हजर! ते बसले, पुन्हा सगळे पुतळे झाले, पुन्हा अंधार!

तेवढ्यात खुशालराव चहा घेऊन आले आणि उजेड पडला. हसत म्हणाले, "आई, त्याले माणूस नाही दिसत, हालचाल दिसते. तुमी सारे गप बसले, त्याले वाटलं खोली रिकामीच हाये."

उत्तमरावांनी टोपी चढवली. "म्हणजे आमी इथं नाहीच काय? चाल व पोरी! जिथं आपली गिनतीच नाही, तिथं सोयरीक कायची?"

पण शिवमनं कोपऱ्यातला पुठ्ठा उचलला आणि त्यांच्यासमोर उभा राहून वारा घालू लागला. "बसा ना मामाजी. आता नाही जात लाईट."

वरून एसी, समोरून शिवम! उत्तमरावांनी उपरणं कानाला गुंडाळलं. "पुरे कर ना बाप्पा, हिव वाजून राह्यलं!"

"थांबलो तर तुमी पुन्हा नाहीसे व्हान!"

आकांक्षा खुदकन हसली. मग मान वर करून म्हणाली, "बाबा, नोकरीवाले पाह्यले ना आपण. त्यातला कोणी तुमच्यासाठी खुर्चीवरून तरी उठला काय? मले हेच पसंत हायेत."

आता दोघं तिवस्याला सुखात आहेत. बाग वाढली, त्यांची लेक कॉलेजात गेली. खुशालरावांनी ते यंत्र पाहण्याच्या कार्यक्रमानंतर आठवड्यातच काढून टाकलं होतं. उत्तमराव मागच्या वर्षी वारले. शेवटपर्यंत जावयाचं कौतुक सांगत.

आमच्याकडे सोयरीक जुळवणारीला मानाचं लुगडं देतात. या दोघांच्या लग्नाआधी मी रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. उत्तमरावांनी भर मांडवात माझ्या हाती टेबलफॅन ठेवला!

वर म्हणाले, "घ्या ताई. याले फक्त बटण हाये."