फुटलेली तोफ आणि मोघेकाका

शेजारचे मोघेकाका कुठलीही वस्तू आधी बोटाने ठोकतात, कान लावतात, मगच तिच्यावर विश्वास ठेवतात. आमच्या घमापूरच्या बाजारात टरबूज ठोकणारे पुष्कळ. काका तवा, कुंडी, कपबशी, सगळंच ठोकतात. माझं नवं हेल्मेटही त्यांनी ठोकून पाहिलं, तेही माझ्या डोक्यावर असताना! वर म्हणाले, "तडा नाही. चलो, पास!"

हयात गेली कारखान्यात तोफा तपासण्यात. रिटायर झाले, पण खोड जाईल तर शपथ! त्यात कुठल्याशा पुस्तकात त्यांना सतराव्या शतकातली एक लढाई सापडली आणि माझे रविवार बुडाले. मक्केकडून सुरतेला परतणारा बादशहाचा खजिन्याचा ताफा आणि त्यावर इंग्रज चाच्यांचा हल्ला. मला बसवून टेबलावर लढाई मांडायची: किटली म्हणजे खजिन्याचं जहाज, कप म्हणजे चाचे. लढाई संपेपर्यंत कप उचलायचा नाही, म्हणून माझा चहा कायम गार.

"ऐन लढाईत बादशहाचीच तोफ बादशहाच्याच जहाजावर फुटली!" काका दरवेळी तितकेच चिडायचे. "खजिना गेला चुलीत. तोफेजवळची पोरं मेली ना जी! तपासली कोणी होती? पास काहून केली?"

एका रविवारी माझं टाळकं सटकलं. "काका, तुम्ही पाहिलेलं पाणी म्हणजे आपल्या भेडाघाटच्या नदीचं, समुद्र कुठे पाहिला? तीनशे वर्षांमागच्या तोफेपायी काहून जीव जाळून राहिले?"

काकूच आतून म्हणाल्या, "अरे, नीरज जहाजावर तोफेपाशीच असतो ना. सध्या चाच्यांच्याच समुद्रात गस्त आहे. अकरा दिवस झाले, फोन नाही."

त्यांचा मुलगा नेव्हीत आहे हे मला ठाऊक होतं. तो तिथे काय करतो, हे मी शेजारी असून कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली हो. मग रोज संध्याकाळी जाऊन बसू लागलो, मुकाट्याने गार चहा प्यायला.

गुरुवारी फोन वाजला. काकांनी ना चाच्यांचं विचारलं ना तोफेचं. "जेवलास? अच्छा. अजून बोल. काहीही बोल." डोळे मिटून, फोन कानाला दाबून ऐकत राहिले. पोरगा बिचारा दुपारची भाजी कशी होती ते सांगत होता.

फोन काकूंकडे देऊन ते माझ्याकडे वळले.

"आवाज साफ आहे," म्हणाले. "तडा नाही."

आणि एवढं सांगताना त्यांचाच आवाज चिरकला.